पाहुणा होण्याची विद्या

मागील हिवाळ्यात नागपुरातील एका सभेत मिशनऱ्यांच्या कार्यावर लागोपाठ दोन व्याख्याने ऐकण्याचा योग आम्हांस आला. पहिल्या वक्त्यांनी मिशनांनी या शहरास काय काय दिले याची यादी वाचली. शाळा दिल्या, १८८३ साली हिस्लॉप कॉलेज दिले, बायकांसाठी मूर मेमोरियल दवाखाना दिला, अनाथांस आसरा दिला. दुसऱ्या वक्त्यांनी तीच यादी उलट्या बाजूने वाचली. जे दिले ते कशासाठी दिले, कोणाच्या पैशाने दिले आणि त्याच्या बदल्यात काय मागितले, याचा त्यांनी झाडा घेतला. १९५४ साली मध्यप्रदेश सरकारने नागपूर हायकोर्टाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश डॉ. भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या चौकशी समितीचा १९५६ चा अहवाल त्यांच्या हातात होता, आणि त्यातील परकी पैशाचे आकडे त्यांनी मोठ्या आवेशाने सांगितले. टाळ्या दोघांसही पडल्या. आम्ही मात्र घरी आलो ते थोडेसे खट्टू होऊनच. कारण दोन्ही विद्वानांनी एकच वही उघडली होती आणि तिचे एकच पान वाचले होते. मिशनऱ्याने काय दिले, एवढेच त्या पानावर लिहिलेले आहे. त्याने आमच्यापासून काय घेतले, कोणाच्या ओसरीवर तो बसला, कोणाच्या हातचे पाणी प्याला, कोणाच्या चुलीवरची भाकरी त्याने मोडली, हे पान दोघांनीही उलटले नाही. स्तुतिपाठकांस त्याची आठवण झाली नाही आणि टीकाकारांस त्याची गरज वाटली नाही.

आमचे म्हणणे असे की, मिशनांचा खरा गुणदोष या न वाचलेल्या पानावर आहे. मिशनऱ्याने फार दिले हा त्याचा अपराध नव्हे. देणारा म्हणून तो येथे आला, देणारा म्हणूनच राहिला आणि घेणारा होण्याची विद्या तो क्वचितच शिकला, हा त्याचा खरा दोष होय. पण ती विद्या त्यास शिकवणे ज्यांच्या हाती होते ते आमचे पांढरपेशे घर तरी ती कितपत शिकवण्यास तयार होते, हाही प्रश्न आम्ही सोडणार नाही. वाचकांस तो अप्रिय वाटेल याची आम्हांस जाणीव आहे.

प्रथम ख्रिस्ती शास्त्राचीच साक्ष घेऊ. कारण प्रतिवादीस त्याच्याच दप्तराने बांधावे हा वादाचा जुना नियम आहे. लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात येशू आपल्या सत्तर शिष्यांस दोघे दोघे करून गावोगाव पाठवतो. मिशन या संस्थेचे मूळ जर कोठे असेल तर ते येथे. आता या शिष्यांच्या शिदोरीत काय होते ते पाहा. थैली नाही, झोळी नाही, पायांत वहाणासुद्धा नाहीत. जे घर तुम्हांस आत घेईल त्यात उतरा, एक घर सोडून दुसऱ्या घरी जाऊ नका, आणि यजमान जे पुढे ठेवील ते खा, अशा अर्थाची त्यांस आज्ञा आहे. म्हणजे धर्म सांगण्यापूर्वी पाहुणा होणे आले. ज्याच्यापाशी काहीच नाही त्यास दुसऱ्याच्या दारात उभे राहावेच लागते, आणि दारात उभ्या राहिलेल्या माणसाचा स्वर आपोआप खाली येतो. ही योजना आम्हांस तरी मोठी चतुर वाटते. योहानाच्या शुभवर्तमानात येशू विहिरीच्या काठी बसून एका शोमरोनी बाईकडे पाणी मागतो. यहुदी लोक शोमरोन्यांशी भांड्याचा व्यवहार ठेवत नसत. म्हणून ती बाई चकित होते. १९२७ चे महाडचे चवदार तळे ज्यांस ठाऊक आहे अशा मराठी वाचकास त्या विहिरीचा अर्थ कोणा टीकाकाराने समजावून सांगण्याची गरज नाही. जक्कय नावाच्या बदनाम जकातदाराच्या घरी येशू आपण होऊन उतरतो आणि गाव कुरकुर करते, हीही कथा त्याच वळणाची आहे. सारांश, त्या धर्माचा संस्थापक वारंवार लोकांच्या पंगतीस बसलेला दिसतो, आणि त्याच्यावरचे आक्षेपही त्याने कोणाबरोबर जेवावे याविषयीचेच आहेत.

आता त्याच्या अनुयायांचे नागपुरातील आगमन पाहा. १८४५ साली स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे स्टीफन हिस्लॉप येथे आले, तेव्हा भोसल्यांचे राज्य अजून खालसा व्हावयाचे होते. पुढच्याच वर्षी त्यांनी शाळा उघडली. पुढे मिशनांचा व्याप वाढला तसा शाळेमागून दवाखाना आला, बंगला आला, बंगल्याभोवती कंपाउंड आले आणि कंपाउंडास फाटक आले. थैली-झोळीचा निषेध करणाऱ्या आज्ञेतून फाटकापर्यंत गाडी कशी आली याचा इतिहास मनोरंजक आहे, पण तो येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. एवढेच म्हणावयाचे की, ज्या दिवशी मिशनऱ्यास स्वतःचे फाटक मिळाले त्या दिवशी तो कायमचा यजमान झाला. लोक त्याच्याकडे जात. औषधासाठी जात, शिफारशीच्या चिठ्ठीसाठी जात, मुलाच्या फीसाठी जात. तो लोकांकडे जाई तो व्याख्यान देण्यासाठी, आणि व्याख्यान आटोपल्यावर परत जाई. जो नेहमी यजमान असतो तो हळूहळू मालक होतो, यात त्याच्या स्वभावाचा दोष नाही. घराच्या रचनेचाच तो परिणाम होय.

तथापि हिस्लॉप यांच्यासंबंधी एवढे बोलून थांबणे हा अन्याय होईल. या माणसाच्या आयुष्यात एक दुसरा धागा आहे आणि तो आम्हांस पहिल्याहून मोलाचा वाटतो. त्यांस दगडांचा नाद होता. रॉबर्ट हंटर या सहकाऱ्याबरोबर त्यांनी नागपूरच्या आसपासचे खडक आणि त्यांतील जीवाश्म यांचा अभ्यास केला. एका खनिजास आजही त्यांचे नाव आहे. आणि त्यांस गोंडांच्या बोलीचा व गाण्यांचा नाद होता. गोंडांची कुळकथा गाणाऱ्या परधानांकडून लिंगोचे दीर्घ गीत त्यांनी उतरून घेतले. त्यांच्या मृत्यूनंतर, १८६६ साली, मध्यप्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांनी त्यांची ही टिपणे छापून प्रसिद्ध केली. आता विचार करा. गीत उतरून घेणारा माणूस गाणाऱ्याच्या पुढे बसतो तेव्हा देणारा कोण आणि घेणारा कोण? तेथे फाटक नाही, औषधाची बाटली नाही, शिफारशीची चिठ्ठी नाही. परधान म्हणेल ते ऐकावयाचे, समजले नाही तर पुन्हा विचारावयाचे, त्याची मर्जी असेल तोवर बसावयाचे. शाळेत जे हिस्लॉप गुरू होते ते येथे शिष्य झाले. त्यांच्या मिशनच्या हिशेबात हे तास कोणत्या सदरी पडले असतील कोणास ठाऊक. बहुधा फुरसतीच्या सदरी पडले असतील. पण नागपूरच्या मातीने त्यांस काही दिले आणि त्यांनी ते मान खाली घालून घेतले, असे क्षण शोधावयाचे तर ते आम्हांस तेथे सापडतात. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाट येथील प्राचीन शिलावर्तुळे पाहून परत येताना, पूर आलेल्या पाण्यात ते बुडाले. शेवटच्या दिवशीही हा मनुष्य या प्रांताची माती विचारीत होता, हे आम्हांस त्यांच्या कोणत्याही प्रवचनाहून अधिक बोलके वाटते.

येथे आमचे मिशनरी मित्र म्हणतील, आम्ही लोकांच्या हातचे खात नव्हतो हे कोणी सांगितले? जातिभेद मोडण्यासाठी तर आम्हीच सहभोजनाचा आग्रह धरला! खरे आहे, आणि नेमका येथेच आमचा आक्षेप अधिक तीव्र होतो. १८५० साली मद्रासच्या मिशनरी परिषदेने असा ठराव केला की, जो उमेदवार कोणत्याही जातीच्या माणसाने शिजवलेले अन्न खाण्यास नाकारील त्याने जात सोडली असे मानू नये. जात मोडावी हा हेतू स्तुत्यच. पण ही परीक्षा कोणी कोणाची घेतली? नवा ख्रिस्ती झालेला ब्राह्मण किंवा वेल्लाळ परीक्षार्थी, आणि गोरा पाद्री परीक्षक. परीक्षकानेही हाच पेपर सोडवावा असे त्या ठरावात कोठे नाही. नव्या ख्रिस्त्याने सर्वांच्या घरचे खावे; पाद्रीसाहेबांनी महारवाड्यातील नव्या ख्रिस्त्याच्या घरी किती वेळा पानावर बसावे, हे मात्र त्यांच्या प्रकृतिमानावर सोडलेले! अन्नाने माणूस माणसाशी जोडला जातो हे सूत्र ज्यांनी शिकवले त्यांनी त्या अन्नाची वाट बहुतांशी एकेरीच ठेवली.

प्रकृतिमानाचा मुद्दा आम्ही हसण्यावारी नेत नाही. पटकीच्या साथी, नागपूरचा उन्हाळा, विहिरींचे गढूळ पाणी, आणि जुन्या ख्रिस्ती दफनभूमींतील लहान मुलांची थडगी ज्याने पाहिली आहेत तो उकळलेल्या पाण्याची थट्टा करणार नाही. पण सावधगिरी निराळी आणि तुटकपणा निराळा. पाणी उकळून मागता येते, पेज गरम असेल तर खाता येते, आणि काहीच खाता येत नसेल तर निदान बाजेवर बसून यजमानाच्या लेकराचे नाव तरी विचारता येते. तब्येतीच्या सबबीखाली जो माणूस घोड्यावरूनच उतरत नाही त्याची तब्येत नव्हे, मन नाजूक असते.

दुसरा एक बचाव याहून गोड आहे आणि म्हणून अधिक घातक आहे. गरिबाच्या घरी कसे खावे? त्याच्या पोरांच्या तोंडचा घास आपण का काढावा? हा युक्तिवाद मिशनऱ्यांचाच आहे असे नाही; समाजसेवा करणाऱ्या आमच्या सुशिक्षित मंडळींच्या तोंडीही तो रोज असतो. ऐकण्यास तो करुणेने ओथंबलेला लागतो. पण ज्याने कधी एखाद्या कोरडवाहू गावात ज्वारीची अर्धी भाकरी आणि अंबाडीची भाजी यांचा आग्रह सोसला आहे, त्यास हे ठाऊक असते की, त्या आग्रहात घरधन्याची सारी इभ्रत पणास लागलेली असते. तुम्ही ती भाकरी नाकारता तेव्हा त्याची ज्वारी वाचवत नाही. त्याच्यापाशी देण्याजोगे काही आहे हेच नाकारता. गरिबाने केवळ घेतच राहावे, देणे हा आमचाच मक्ता, असा त्या दयेचा अर्थ होतो. खरा पाहुणा अर्धी भाकरी खातो, चव वाखाणतो, दुसरी वाढू देत नाही, आणि पुढच्या खेपेस येताना त्या घरच्या माणसांस आपल्या घरी यावयाचे आमंत्रण देतो. नुसते देत नाही, ती आल्यावर त्यांच्यासाठी पाट मांडतो. ही रीत आमच्या आजीबाईंस शिकवावी लागत नव्हती.

या विद्येत पारंगत झालेली माणसे मिशनांच्या आवतीभोवती झालीच नाहीत असे नाही. पण ती पाहू जाता बहुधा मिशनच्या फाटकाबाहेर पडलेली दिसतात. नारायण वामन टिळकांचे नाव नागपूरकरांस परके नाही. आप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने ते येथे राहिले होते, आणि १८९३ साली नागपूरहून राजनांदगावास जाताना आगगाडीत भेटलेल्या एका अनोळखी युरोपीय गृहस्थाने त्यांस बायबल दिले, ही हकीगत प्रसिद्ध आहे.  आम्हांस त्या प्रसंगात बायबलापेक्षा डब्यातील वागणूक अधिक लक्षणीय वाटते. त्या काळी गोऱ्याच्या डब्यात काळ्या माणसास मिळणारी वागणूक सर्वांस ठाऊक होती. या गृहस्थाने टिळकांस जागा दिली आणि त्यांच्याशी बरोबरीने काव्याविषयी व धर्माविषयी गप्पा मारल्या. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली मुंबईत झाला. पुढे बावीस वर्षांनी, १९१७ साली, त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' काढला. पगार सोडणे म्हणजे थैली टाकणे. बाप्तिस्मा घेतलेला आणि न घेतलेला असा भेद न करता सर्वांस त्या दरबारात बसता यावे अशी त्यांची कल्पना होती. आयुष्याची दोनच वर्षे उरलेली असताना हा कवी लूकच्या दहाव्या अध्यायापाशी येऊन पोहोचला, असे आम्ही समजतो.

पण या घरातील खरी शिकवण टिळकांपेक्षा लक्ष्मीबाईंकडे आहे. 'स्मृतिचित्रे' आमच्या वाचकांपैकी कोणी वाचली नसतील असे आम्हांस वाटत नाही. तरी त्यातील एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. नवरा ख्रिस्ती झाल्यावर लक्ष्मीबाई पुष्कळ वर्षे सोवळे सांभाळून राहिल्या. नवऱ्याकडे परत आल्यावरही त्यांची चूल व पाणी निराळे होते. मग राहुरीस असताना एके दिवशी, जात देवाने केली की माणसाने, हा विचार करता करता त्यांच्या मनाची गाठ सुटली, आणि यापुढे कोणाच्याही हातचे खाण्यापिण्यास हरकत नाही असे त्यांनी ठरवले. त्या वेळी त्यांचा बाप्तिस्मा व्हावयाचा होता. तो १९०० साली झाला. क्रम नीट पाहावा. मिशनच्या परिषदा म्हणत, धर्म स्वीकारलास याची खूण म्हणून अन्न खाऊन दाखव. या बाईने अन्नपाणी आधी मोकळे केले, कोणी परीक्षा घेतली म्हणून नव्हे तर आपल्या विचाराने; आणि धर्म मागाहून आला. परमताविषयी आमच्या वाचकांचे काहीही मत असो, एका कोकणस्थ ब्राह्मण बाईने आपल्या एकटीच्या बुद्धीने केलेल्या या निश्चयापुढे मद्रासचा ठराव फिका पडतो.

पाहुणचार घेणाऱ्याने आपली बुद्धीही यजमानाच्या स्वाधीन करावी काय, हा पोटप्रश्न येथे निघतो. आणि त्याचे उत्तर पंडिता रमाबाईंनी विलायतेत देऊन ठेवले आहे. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या, वाँटेज येथील मठवासिनी भगिनींच्या आश्रयास राहिल्या आणि तेथेच त्यांनी बाप्तिस्मा घेतला. परदेशात, परक्यांच्या अन्नावर, पदरी लहान मूल. अशा स्थितीत मिंधेपण येणे किती सोपे! पण रमाबाई शाकाहारी राहिल्या त्या राहिल्याच. त्यांच्या गुरुस्थानी असलेल्या सिस्टर जेराल्डीन यांस त्यात जातीच्या अभिमानाचा अवशेष दिसे. वधस्तंभावर लॅटिन अक्षरे कशास, संस्कृत का नको, असे रमाबाई विचारीत. तेही त्या बाईंस खटके. दोघींचा पत्रव्यवहार पुढे छापला गेला आहे, आणि आमच्या मते यजमान व पाहुणा यांच्या नात्यावर याहून बोधप्रद ग्रंथ मराठी माणसास मिळणे कठीण. अन्न, आसरा, शिक्षण हे सर्व रमाबाईंनी कृतज्ञतेने घेतले, पण त्याची किंमत म्हणून विवेक दिला नाही. यजमानीण प्रेमळ होती यात शंका नाही. तथापि पाहुणीने घास घेतला म्हणजे तिने आपले मनही ताटात ठेवावे, ही तिची अपेक्षा मिशनांच्या सर्व पाहुणचारामागे उभी असते. नियोगी समितीने ज्यास आमिष म्हटले त्याचे हे सुसंस्कृत रूप होय. घेणे म्हणजे विकले जाणे नव्हे हे रमाबाईंनी दाखवले. मिशनऱ्यास ते कळले असते तर आपल्या दवाखान्यातील रोग्याकडून त्याने औषधाखेरीज दुसरी अपेक्षा ठेवली नसती.

आमच्याच प्रांतातील आणखी एक नाव येथे घेतले पाहिजे. व्हेरियर एल्विन १९२७ साली पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात आले. जे. सी. विन्स्लो यांनी स्थापलेल्या या संघात मंडळी खादी वापरीत, जमिनीवर बसून शाकाहारी जेवण जेवीत. तेथे एल्विन यांस शामराव हिवाळे हे मराठी ख्रिस्ती मित्र मिळाले. वर्ध्याच्या जमनालाल बजाजांनी गोंडांत काम करावे असे सुचवले. आणि १९३२ साली दोघे मंडला जिल्ह्यात करंजियाच्या टेकडीवर झोपडी बांधून राहिले. नागपूरच्या बिशपने एल्विन यांस परवाना नाकारला. कारणे राजकीय होती तशी धार्मिकही होती, आणि गोंडांस ख्रिस्ती करण्याचा हेतू नाही असे सांगणारा पाद्री बिशपच्या दप्तरात कोठे बसवावा ही अडचणही खरीच होती. १९३५ साली एल्विन चर्च सोडून बाहेर पडले. लोकांच्या घरात पाहुणा होऊन शिरलेला मिशनरी मिशनरी राहिला नाही, हा योगायोग आहे काय? आम्हांस तसे वाटत नाही. पण म्हणून एल्विन यांची आरती ओवाळावी असेही आम्ही म्हणणार नाही. १९४० साली त्यांनी एका गोंड मुलीशी लग्न केले आणि १९४९ साली ते मोडले. विद्वान पाहुणा कीर्तीच्या वाटेने पुढे गेला. ती मागे राहिली. पाहुणचार स्वीकारणे आणि घर उचलून नेणे यांत जे अंतर आहे ते मोठ्या माणसासही नेहमी ओळखता येत नाही. हिवाळ्यांची गोष्ट मात्र निराळी. गाजावाजा न करता ते गोंडांतच राहिले. मराठी वाचकास एल्विन ठाऊक आहेत आणि हिवाळे ठाऊक नाहीत, याबद्दल आम्हांस थोडी शरम वाटते.

असो. मिशनऱ्यास येथवर पुष्कळ बोलून झाले. आता आपल्या घराकडे वळू.

अतिथीस देव मानणारी आमची संस्कृती, हे वाक्य सभेत म्हणताच टाळी पडते. पण हा देव ख्रिस्ती असला म्हणजे त्यास आम्ही कोठे बसवीत होतो? १८९० च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये जे चहाप्रकरण झाले त्याची आठवण काढण्यासारखी आहे. गोपाळराव जोशांच्या खटपटीने व्याख्यानास जमलेल्या प्रतिष्ठितांपुढे चहाबिस्किटे आली. न्यायमूर्ती रानडे होते, बळवंतराव टिळक होते. कोणी प्याले, कोणी पेल्यास नुसता हात लावला, कोणी भिडेने घोट घेतला. मग 'पुणे वैभवा'त नावे झळकली, ग्रामण्य झाले, शंकराचार्यांपर्यंत फिर्याद गेली आणि प्रायश्चित्ते निघाली. रानड्यांसारख्या माणसाने पुढे प्रायश्चित्त घेतले म्हणून त्यांच्या मित्रांस किती वाईट वाटले हे इतिहासात आहे. हा सर्व गदारोळ कशासाठी? दुसऱ्याच्या घरी दिलेला एक पेला चहा आम्ही घेतला म्हणून. मिशनच्या शाळेत इंग्रजी शिकताना आम्हांस विटाळ झाला नाही, मिशनच्या शिफारशीने नोकरी मिळाली तेव्हा झाला नाही. चहाने मात्र झाला! ज्ञान घ्यावयाचे, औषध घ्यावयाचे, पण देणाऱ्याशी नाते जोडणारे जे ते घ्यावयाचे नाही, ही आमची युक्ती. मिशनऱ्याने आमच्यापासून काही घेतले नाही असा आरोप करणाऱ्या आम्ही त्याच्यापासून तरी काय घेतले? जे घेऊनही पाहुणा व्हावे लागत नाही तेवढेच घेतले. त्याने फाटक बांधले आणि आम्ही उंबरठा राखला. दोन्हींच्या मधल्या रस्त्यावर शंभर वर्षे व्याख्याने चालली.

हा दोष जुन्या पिढीबरोबर गेला असे समजून कोणी सुखाने झोपू नये. आज नागपुरातून मेळघाटात, गडचिरोलीकडे सेवेची शिबिरे जातात. त्यांत मिशनरी नसतात. आमचीच मुले असतात, उत्साही, सुशील, सुशिक्षित मुले. ब्लँकेटे जातात, वह्या जातात, औषधे जातात. आणि त्यांच्याबरोबर पाण्याच्या बंद बाटल्यांची खोकी व घरून दिलेल्या पुऱ्यांचे डबेही जातात. वाटप झाले, छायाचित्र झाले की मंडळी गाडीच्या सावलीत आपला डबा उघडतात, आणि गावातील पोरे थोड्या अंतरावर उभी राहून पाहतात. कोणाचा हेतू वाईट नसतो. एखाद्या म्हातारीने मोहाची फुले भाजून पुढे केली तर मुले एकमेकांकडे बघतात आणि कोणी तरी गोड शब्दांत, पोट भरले आहे, असे सांगतो. नियोगी अहवाल ज्यांनी पाठ केला आहे त्यांनी एकदा अशा शिबिरात जाऊन बसावे. मिशनचे फाटक आता चाके लावून हिंडते आहे, असे त्यांस दिसेल.

आमच्या आजोळी, महालातील एका वाड्यात, ओसरीच्या कोनाड्यात एक चिनी मातीचा कप असे. निळ्या रेघेचा, कानाशी तडा गेलेला. तो आम्हां मुलांनी घ्यावयाचा नाही असा दंडक होता, आणि का घ्यावयाचा नाही हे विचारण्याचीही सोय नव्हती. आमच्या मामांस शिकवणारे एक ख्रिस्ती मास्तर होते. अस्सल वऱ्हाडी बोलणारे, धोतर-कोट-टोपीतले. मामा विषमज्वराने अंथरुणास खिळले तेव्हा हे मास्तर पंधरा दिवस रोज संध्याकाळी येत आणि ओसरीवर बसून त्यांस गणित समजावून देत. आजी त्यांस चहा पाठवी. त्या कपातून. मास्तर चहा घेत, 'छान झाला हो आजी' असे आत ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणत, मग स्वतः उठून अंगणातल्या नळाखाली कप विसळीत आणि कोनाड्यात पालथा घालून ठेवीत. आजी मनाने वाईट होती असे आम्ही म्हणू शकत नाही. मास्तर येण्याची वेळ झाली की दूध राखून ठेवण्याविषयी ती सुनेस बजावीत असे. पास झाल्यावर मामा पेढे घेऊन मास्तरांकडे गेले. तेथे त्यांच्या बायकोने फराळाची बशी पुढे केली आणि मामांनी उपास असल्याचे सांगितले. वार बुधवार होता. मास्तर हसले आणि बशी आत घेऊन जा म्हणाले. ही हकीगत मामांनीच आम्हांस सांगितली, ती ऐंशी वर्षांचे झाल्यावर.

वाडा पडला तेव्हा सामानाच्या वाटणीत तो कप आमच्याकडे आला. आम्ही तो काचेच्या कपाटात ठेवला आहे, आणि आलेले पाहुणे जुनी वस्तू म्हणून त्याचे कौतुक करतात. धुणीभांडी करणाऱ्या बाईंचा कप आमच्या स्वयंपाकघरात ओट्याच्या खालच्या फळीवर निराळा असतो, हे मात्र हा लेख लिहावयास बसेपर्यंत आमच्या ध्यानात आले नव्हते. त्या बाईंनी मागील दसऱ्यास आम्हांस घरी जेवावयास बोलावले होते. आम्हांस त्या दिवशी वेळ झाला नाही.